सायकल मार्ग, पादचारी पूल की सलग पदपथ? नगरपालिकेकडे नेमकं काय मागावं

रस्ता सुरक्षेसाठी नगरपालिकेकडे थोडाफार निधी येतो, नागरिकांकडून सूचना मागवल्या जातात, आणि ज्येष्ठ नागरिक संघ, सायकल क्लब, शाळेची पालक समिती, व्यापारी असे सगळे एका खोलीत बसतात. तिथे तीन मागण्या हमखास पुढे येतात. मुलांसाठी वेगळा सायकल मार्ग हवा. मोठ्या चौकात पादचारी पूल हवा. आणि फुटपाथ एकदाचे नीट करा. निधी तिन्हींना पुरत नाही, त्यामुळे एकीवर बोट ठेवावं लागतं. आमच्या शहरात ही निवड झाली तेव्हा मागणीपत्र लिहिणाऱ्यांत मी होतो. त्याआधी आणि त्यानंतरही पुणे, मुंबई, चेन्नई असं जिथे जाणं झालं तिथले असे रस्ते पायी किंवा सायकलवर पाहत आलोय. तुमच्याकडे तशी बैठक व्हायची असेल, तर जाण्याआधी हे वाचून जा.

कागद तुमच्या बाजूने आहे, हे पहिलं. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याच्या जागेचा हिशेब वाहनांऐवजी माणसं धरून करायचा, असं तत्त्व मांडलं. चेन्नई महापालिकेने २०१४ मध्ये चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारलं आणि वाहतुकीवरच्या खर्चातला किमान ६० टक्के वाटा त्यांच्यासाठी ठेवायचं ठरवलं. केनियाच्या नैरोबी शहराने २०१५च्या धोरणात रस्तेबांधणीच्या पैशातले २० टक्के बाजूला काढायचं म्हटलं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, २०१७ मध्ये सायकल आराखडा. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अडथळ्याविना पदपथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग असलेला, हक्क आहे असं सांगून राज्यांना पादचाऱ्यांसाठी नियमावली करायला लावली. तेव्हा मुख्याधिकाऱ्यांसमोर बसताना आपण मेहेरबानी मागतोय असा सूर लावायचं काही कारण नाही.

आकडेही सांगायला हवेत, कारण बैठकीत त्यांचा उपयोग होतो. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ जण पायी चालणारे होते, म्हणजे साधारण पाचातला एक. सायकलस्वारांचा आकडा पाच हजारांच्या आत आहे. यावरून सायकल सुरक्षित आहे असं कोणी समजू नये. सायकल चालवणारेच कमी उरलेत, आणि चालतं मात्र प्रत्येक जण, अगदी गाडी लावून दुकानापर्यंत जाणाराही. पण पैसा आधी कुठे लावायचा या प्रश्नावर हा फरक डोळ्याआड करता येत नाही.

आता पर्याय. तिन्हींचे फोटो छान येतात, कारण फोटो मधल्या सलग तुकड्याचा काढलेला असतो. मी मात्र तो तुकडा जिथे तुटतो ती जागा आधी बघतो. गेट आलं, गल्लीचं तोंड आलं, चौक आला, की तिथे खाली कोण उतरतं? गाडी की माणूस? माझी निवड शेवटी याच एका प्रश्नावर झाली.

सायकल मार्ग

याच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे, आणि मी ते मनापासून बोलतो. आपल्याकडे सायकल ही अजूनही शाळेच्या मुलींची, बांधकामावर जाणाऱ्या गवंड्याची, दूध नि पेपर टाकणाऱ्याची गाडी आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. बिहारने अशीच योजना २००६ मध्ये सुरू केली. सरकार सायकल देतं, मुलगी ती घेऊन राज्य मार्गावर येते, आणि ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तिच्या हँडलला वारा देऊन जातो. ज्या धोरणाने सायकल दिली त्याने रस्ताही द्यायला हवा, यात वाद नाही.

अडचण येते ती शहरात, रस्त्याकडेला जिथे जागेसाठी ओढाताण असते तिथे. पुण्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शहरांच्या सुधारणेसाठी केंद्राने आणलेल्या जवाहरलाल नेहरू योजनेच्या काळात, बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांबरोबर, सातारा रस्त्यासारख्या रस्त्यांच्या कडेने सायकल मार्ग झाले. देशातला तो सुरुवातीचा प्रयत्न, आणि करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण सायकलवाल्याला लागतं ते घरापासून कामापर्यंतचं अखंड जाळं, आणि तुकड्यातुकड्याने झालेल्या मार्गाने ते मिळत नाही. पेव्हर ब्लॉकवरून सायकल खडखडते, मध्ये विजेची डीपी येते, बसथांबा येतो, दुचाकी आत शिरू नयेत म्हणून रोवलेले खांब येतात. ते खांब एकमेकांच्या इतके जवळ असतात की माझ्या मुलीला सायकलवरून उतरून हँडल तिरकं करून ती काढावी लागते. आणि थोडे लांब रोवले, की मोटारसायकल सहज आत येते. या दोन्हींच्या मधलं बरोबर अंतर मला अजून फारसं कुठे दिसलेलं नाही.

यापेक्षा मला जास्त खुपतं ते वेगळंच. असा अर्धामुर्धा मार्ग केला की मुख्य रस्त्यावरचा सायकलवाला उपरा ठरतो. तो मार्ग सोडून डांबरावर आला, आणि येणारच, कारण मार्ग तुटतो, तर मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून सांगतो, ‘बाजूला ट्रॅक दिलाय ना!’ आधी रस्त्याच्या डाव्या कडेवर त्याचा जो थोडाफार हक्क होता, तोही जातो. माझ्या मुलीने हे ऐकलंय. दुसऱ्या दिवशी तिने ट्रॅकवरून जायचा प्रयत्न केला आणि एका मंगल कार्यालयापुढे उभ्या असलेल्या गाड्यांपाशी परत रस्त्यावर आली.

बोगोटाचं नाव या चर्चेत येतंच, तेव्हा त्याविषयी. कोलंबियाच्या त्या राजधानीत एन्रिके पेन्यालोसा महापौर असताना, १९९८ ते २००० मध्ये, शेकडो किलोमीटरचे सायकल मार्ग उभारायला घेतले गेले, आणि ते खरोखर वापरात आले. पण ते का चाललं हे पाहा. १९७४ पासून तिथे रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना मोकळे करायची प्रथा होती, त्यामुळे लोकांना सवय होती. पेन्यालोसांनी त्याच काळात फुटपाथवर चढणाऱ्या मोटारी खांब रोवून हटवल्या, आणि त्यासाठी दुकानदारांचा, गाडीवाल्यांचा मोठा रोष अंगावर घेतला. आणि महापौराच्या हातात पैसा आणि अधिकार दोन्ही होते. आपल्या नगरपालिकेकडे यातलं किती आहे, याचा प्रामाणिक विचार करावा. पूर्ण जाळं करायची ताकद आणि चिकाटी असेल, तर सायकल मार्ग जरूर मागा. दोन किलोमीटरचं काम होणार असेल, तर मी थोडा थांबेन.

पादचारी पूल

यावर फार लिहीत नाही. रस्त्यावरून वाहनं जाऊ देण्यासाठी पुलाखाली साडेपाच मीटर उंची सोडावी लागते. त्यावर पुलाची जाडी धरली आणि पायरी १५ सेंटिमीटरची धरली, तर चढायला चाळीसेक पायऱ्या होतात, आणि पलीकडे तेवढ्याच उतरायला. बारा-पंधरा मीटरचा रस्ता ओलांडण्यासाठी. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईने, कडेवर मूल असलेल्या आईने, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने एवढं चढावं आणि गाडीने वेगही कमी करू नये, असा त्या रचनेचा अर्थ होतो. लिफ्ट बसवू म्हणतात. ती चालू ठेवायला माणूस, वीज आणि देखभालीचा करार लागतो, आणि नगरपालिकांची देखभालीची तरतूद काय असते हे आपण जाणतो. अशा पुलाखाली दुभाजकाची जाळी वाकवून केलेली वाट बहुतेक ठिकाणी दिसते. ती करणाऱ्यांना बेशिस्त म्हणणं मला पटत नाही.

अपवाद दोन. मुंबईत २००८ पासून, वांद्र्यापासून सुरुवात होऊन, जे स्कायवॉक, म्हणजे रस्त्यावरून उंचावर नेलेले लांब पादचारी मार्ग, झाले, त्यांतले जे थेट रेल्वे पुलाला जोडलेले आहेत ते गर्दीच्या वेळी उपयोगी पडतात. कारण तिथला माणूस फलाटावरून आधीच वर चढलेला असतो आणि त्याच उंचीवरून पुढे जातो. दुसरा अपवाद राष्ट्रीय महामार्गाचा. शहराच्या मधून सहा पदरी महामार्ग गेला असेल, तर तिथे वेग कमी करणं नगरपालिकेच्या हातात नसतं. केंद्राने २०१६ मध्येच राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायच्या सूचना दिल्या होत्या. अशा ठिकाणी पूल किंवा, त्याहून बरं म्हणजे, उजेड आणि वर्दळ राहील असा भुयारी मार्ग मागावा. शहरातल्या साध्या रस्त्यावर मात्र पुलाची मागणी करू नये, असं मला वाटतं.

सलग पदपथ

आता ज्या गोष्टीने माझं मत ठरलं ती.

आमच्या घरापासून बाजारापर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुटपाथ होता. नकाशावर होता, मोजमाप पुस्तिकेत होता, त्याचं बिलही निघालं होतं. आणि आई त्यावरून चालत नव्हती. तिच्याबरोबर मी हळूहळू चालत गेलो तेव्हा कारण दिसलं. फुटपाथ रस्त्यापासून वीतभराहून वर होता. पहिलं गेट आलं की तो एकदम तुटायचा. आई गेटच्या खांबाला हात लावायची, चप्पल चाचपडत एक पाय खाली, मग दुसरा. गेटसमोरच्या उतारावरून चार पावलं, आणि लगेच पुन्हा वर, आणि वर चढताना धरायला काही नाही. पुढे दवाखान्याचं फाटक, मग बँकेचं पार्किंग, मग दोन बंगल्यांच्या मधली गल्ली. दर पंधरा-वीस पावलांना उतरायचं नि चढायचं. थोडं गेल्यावर ती गप्प रस्त्यावर आली आणि कडेची पांढरी रेघ धरून चालू लागली. शेजारून मोटारसायकली पदराला घासून जात होत्या. ‘लोकांना फुटपाथ दिला तरी वापरत नाहीत,’ हे वाक्य आमच्या बैठकीत एका जबाबदार माणसाने म्हटलं, तेव्हा मी त्यांना तिथे घेऊन गेलो.

हे असं का होतं, तेही सांगतो, कारण यात कोणाचा दुष्टावा नसतो. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात. जुना थर खरवडून काढायचा खर्च वाचवला जातो, रस्ता वर येतो, मग फुटपाथ त्याहून वर घ्यावा लागतो. शिवाय गाड्या चढू नयेत म्हणून तो मुद्दाम उंच करतात. उंच केला की गाडी घरात न्यायला प्रत्येक गेटपाशी तो तोडावा लागतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असं आहे. आपल्या वितीने मोजून बघा. पूर्ण वीत भरली तर उंची मर्यादेच्या बाहेर गेली.

यावरचा उपाय ऐकायला किरकोळ वाटेल. गेटपाशी फुटपाथची पातळी तशीच ठेवायची आणि उतार द्यायचा तो फक्त रस्त्याच्या बाजूच्या कडेला, अर्ध्या-पाऊण मीटरच्या पट्टीत. झाडं, विजेचे खांब, बाक जिथे असतात त्याच पट्टीत. गाडी त्या छोट्या उतारावरून फुटपाथवर चढते, पायी चालणाऱ्याच्या वाटेला आडवी जाते आणि गेटमधून आत शिरते. चढायचं तिने. चालणारा सपाट चालत राहतो. गल्लीच्या तोंडाशीही तेच करायचं: फुटपाथ गल्लीवरून तसाच पुढे न्यायचा आणि गल्लीतून बाहेर येणाऱ्या गाडीने त्यावर चढून, डावीकडे-उजवीकडे बघून मग रस्त्यावर यायचं. रचनेतूनच कळतं की इथली वाट कोणाची आहे. पाटी लावावी लागत नाही.

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावर नव्याने केलेल्या पदपथावर आईला घेऊन गेलो होतो. आमच्या रस्त्यावर ती सारखी पायांकडे बघत चालते. तिथे ती दुकानं बघत चालली. चेन्नईच्या पाँडी बाजारात, जिथे २०१९ मध्ये गाड्यांची जागा कमी करून चालणाऱ्यांसाठी रुंद जागा केली, तिथेही मला हेच दिसलं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, चाकाची खुर्ची, सगळी एकाच पट्टीवर आणि कोणी कोणाला खेकसत नाही. हे काही मोजमाप नव्हे, मान्य आहे. पण वाहतूक सर्वेक्षणात जी माणसं मोजलीच जात नाहीत, कारण ती घराबाहेरच पडत नाहीत, ती इथे दिसतात.

सलग फुटपाथच्या जोडीला दुसरी गोष्ट मागायची ती उंचावलेली ओलांडणी. ठेकेदार मंडळी तिला टेबल टॉप म्हणतात. झेब्रा पट्टा जिथे असतो तिथला रस्ताच फुटपाथच्या पातळीला उचलायचा, वर सपाट, दोन्ही बाजूंनी गाड्यांसाठी हलका उतार. माणूस एका फुटपाथवरून दुसऱ्यावर न उतरता जातो आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या रस्ता सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे पायी-सायकलवाले आणि मोटारी एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी असं आलं. आपल्याकडे ३०ची पाटी कोणी वाचत नाही, पण उंचवटा प्रत्येक गाडीला जाणवतो. आणि तो सायकलवाल्याच्याही कामाचा आहे. मुलीला वेगळा मार्ग मिळाला नाही, पण शाळेच्या रस्त्यावर मागून येणारी गाडी हळू आली, तर मुख्य रस्त्यावरच ती बिनधास्त चालवू शकते. माझ्या मते सायकल मार्गातून मिळणारा फायदा यातून पुष्कळसा मिळतो, तोही कमी पैशात.

हरकती घेतल्या जातील, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली पाण्याची. रस्त्याकडेने वाहणारं पावसाचं पाणी टेबल टॉपपाशी अडतं. तिथे कडेला जाळी आणि खालून पाइप दिला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात तळं होतं आणि सगळे म्हणतात, काढून टाका हे. दुसरी हरकत रुग्णवाहिका आणि पाठीच्या दुखण्याची. ही बहुतेक वेळा लोकांच्या मनातल्या गतिरोधकाविषयी असते, रात्रीतून टाकलेल्या, हातभर रुंदीच्या डांबराच्या ढिगाविषयी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला साधा गोल गतिरोधकसुद्धा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५च्या वेगाने त्यावरून आरामात जाता येतं. टेबल टॉप त्याहून सौम्य करता येतो. एसटीच्या चालकाला आधी विश्वासात घेतलं तर उताराची लांबी किती हवी हे तोच सांगतो.

तिसरी हरकत अतिक्रमणाची: रुंद सपाट फुटपाथ केला की तिथे हातगाड्या लागणार, मोटारसायकली चढणार. लागतील. पथविक्रेत्यांना २०१४च्या कायद्याने संरक्षण आहे आणि असायलाच हवं. भाजीवाली बाई फुटपाथवर बसते म्हणूनच संध्याकाळी त्या रस्त्याने बायकांना एकटीने चालायला भीती वाटत नाही, हेही बघितलं पाहिजे. त्यांची जागा झाडं आणि बाकांच्या पट्टीत आधीच आखली, चालायची १.८ मीटर सोडून, तर भांडण बरंच कमी होतं. मोटारसायकलींसाठी मात्र दंडाशिवाय इलाज नाही, आणि तो दंड सतत कोण करणार याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. ही या पर्यायाची खरी कमजोर बाजू. उंची कमी असल्यामुळे गाडी चढणं सोपं होतं, हे नाकारता येत नाही.

चौथी गोष्ट खोदाईची. नवा पदपथ झाला की केबलवाले येतात, मग पाण्याच्या लाइनवाले. बंगळुरूने टेंडर शुअर नावाच्या रस्त्यांमध्ये केबल आणि वाहिन्या आधीच पदपथाखाली नीट नळांमधून टाकल्या, म्हणजे पुन्हा फोडायची वेळ येऊ नये. खर्च खूप येतो. छोट्या नगरपालिकेला ते पूर्ण झेपणार नाही, पण काम सुरू होण्याआधी महावितरण, पाणीपुरवठा आणि दूरसंचारवाल्यांना एका बैठकीला बसवून, आताच काय ते खोदा, एवढं सांगता येतं. आणि एक-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवले तर पुढचं पुष्कळ वाचतं.

मग तुम्ही काय मागाल?

शाळकरी सायकली भरपूर आहेत, गावाबाहेरून येणारा रस्ता मोकळा आहे, कडेला गेट नि दुकानं फारशी नाहीत, आणि जागा सरकारी आहे, अशी परिस्थिती असेल तर सायकल मार्ग चांगला. तिथे तो तुटणारच नाही, कारण तोडायला काही नाही. राष्ट्रीय महामार्ग किंवा रेल्वे मध्ये असेल तर पूल किंवा भुयारी मार्ग. पण शहराच्या आतला रस्ता असेल, दर काही पावलांवर गेट, दवाखाना, बँक, शाळा असेल, तर माझा कल सलग पदपथ आणि उंचावलेल्या ओलांडणीकडे आहे. ठाम नियम म्हणून सांगत नाही, तुमचा रस्ता तुम्हाला जास्त माहीत. तरी माझ्या हातात एकच मत असतं तर ते मी तिथेच देईन. सायकल क्लबवाल्या मित्रांना हे आवडणार नाही. आमच्याकडेही आवडलं नव्हतं. त्यातले काही जण आता म्हणतात की शाळेच्या रस्त्यावर गाड्या हळू येतात हे बरं झालं, काही अजून नाराज आहेत, आणि त्यांचा सायकल मार्गाचा आग्रह पूर्ण जाळ्यासाठी असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

आमच्याकडे शाळेपासून बाजारापर्यंतचा एक रस्ता घेतला. पूर्ण शहरभर थोडं थोडं करण्यापेक्षा हे चांगलं ठरलं असं वाटतं, कारण माणूस घरून निघून पोहोचेपर्यंत कुठेही उतरला नाही, तरच तो रोज निघतो. आई आता त्यावरून पोस्टापर्यंत एकटी जाते. पोस्टाच्या पुढचं काम बाकी आहे, तिथून ती रिक्षा करते. एका टेबल टॉपच्या खालचा पाइप लहान पडला आणि जोराच्या पावसात तिथे पाणी साचतं, त्याची मागणी पुढच्या वर्षात टाकलीय.

मागणी लिहिताना ‘फुटपाथ दुरुस्ती’ असं लिहू नका. त्यात जुने पेव्हर काढून नवे, रंगीत पेव्हर बसतात आणि उंची तशीच राहते. आयआरसी १०३ प्रमाणे काम, उंची १५ सेंटिमीटरपर्यंत, चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, सर्व प्रवेशद्वारांपाशी आणि गल्ल्यांच्या तोंडाशी पदपथाची पातळी कायम, आणि डांबरीकरणाआधी जुना थर खरवडणे, हे असंच्या असं लिहा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं आहे. रस्त्याच्या आखणीची मानकं न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात त्याचा सौम्य शब्दांत उल्लेख केला की कनिष्ठ अभियंता नकाशा पुन्हा उघडतो. रस्ता नगरपालिकेचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे आधी विचारून घ्या, नाहीतर पत्र चुकीच्या टेबलावर पडून राहतं. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येतं, म्हणून पत्र दिवाळीनंतर लगेच द्यावं. एस्टिमेट तयार झालं की त्याची प्रत मागा, आणि सोबतच्या आडव्या छेदाच्या नकाशात गेटसमोरची रेघ बघा. ती सरळ असेल तर काम बरोबर चाललंय. खाली उतरलेली असेल तर वर्क ऑर्डर निघायच्या आत हरकत घ्या.